न मागणाऱ्याचं ताट

नात रांगायला लागली त्या वर्षी, एका दुपारी सून खोलीच्या दारात थबकली. सासूबाई संगणकापुढे बसून बहिणीला पत्र लिहीत होत्या. बोटं चालत होती. पण खोली मुकी होती.

सासूबाईंना अक्षरओळख झाली ती पन्नाशी उलटल्यावर. पुढे दहा वर्षांत नजर गेली. लिहिणंही गेलंच असतं, पण कळ दाबली की सॉफ्टवेअर ते अक्षर बोलून दाखवायचं, त्या आधारावर ते टिकलं होतं. आता पडद्यावर नुसता गोंधळ होता. बोट एक कळ सरकलेलं, आणि पुढच्या ओळीच्या ओळी सरकलेल्या.

"आई, आवाज बंद आहे!"

"माहीत आहे. नवा संगणक आणलास तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीत?"

"मला वाटलं, तूच काढलास. बाळाची झोप मोडते ना." सासूबाई हसल्या. "आणि त्या आवाजातली ती बाई बोलते तरी कशी, बारा महिने सर्दी झाल्यासारखी! जाऊ दे गं. हे शेवटचं पत्र. पन्नास वर्षं लिहिता येत नव्हतं, तेव्हा काय अडलं होतं?"

सुनेला हसू आलं नाही. ते सॉफ्टवेअर तिचंच होतं. म्हणजे तिचं आणि गावोगावच्या दहा-बारा जणांचं. सगळे मोकळ्या वेळात, फुकट काम करत. कोड सगळ्यांना खुला. ज्याला हवं त्याने तो घ्यावा आणि आपल्या संगणकावर बिल्ड करून सॉफ्टवेअर तयार करावं. बोलणारा भाग मात्र दुसऱ्या कुणी केलेला. तो आधी बसवलेला असला, तर बिल्ड होताना जोडला जाई. नसला, तर मुकाट्याने वगळला जाई. नव्या संगणकावर तो बसवायचा ती विसरली होती, आणि बिल्डने चकार शब्द काढला नव्हता.

तिने तो भाग बसवला, सॉफ्टवेअर पुन्हा बिल्ड केलं. सर्दी झालेली बाई बोलू लागली. पण सुनेचं मन काही शांत होईना. सॉफ्टवेअर करणाऱ्यांच्या त्या आठवड्याच्या बैठकीत तिने विषय काढला. आवाज हवा की नको, हे बिल्डला स्पष्ट सांगता आलं पाहिजे. 'नको' म्हटलं तर वगळा. 'हवा' म्हटलं आणि सापडला नाही, तर थांबा आणि काय कमी आहे ते सांगा.

"बिल्ड अडवलं तर लोक आपल्या नावाने खडे फोडतील," दाढीवाला म्हणाला. गटात सगळ्यांत जुना तोच.

"फोडू देत. मुकाट्याने वगळलं, तर राहून गेलं की कुणी काढून टाकलं, हे माणसाला कळणार कसं?"

दाढीवाला म्हणाला, "ठीक. पण कुणी काहीच सांगितलं नाही, तर? हवा धरायचा की नको?"

घरी जेवताना तिने तोच प्रश्न सासूबाईंना विचारला, अर्धं गमतीने.

"यात विचारायचं काय?" सासूबाई म्हणाल्या. "न मागणाऱ्याचं ताट आधी वाढावं."

सुनेने 'हवा' धरला. कोडमध्ये त्या जागी ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं आणि पुढे लिहिलं, 'इति सासूबाई'. सासूबाई बहिणीला पत्रं लिहीत राहिल्या, बहुतेक सुनेच्या तक्रारींची. खोलीतून एकेक अक्षर ऐकू येई, आणि सून स्वयंपाकघरातून ओरडे, "आई, ऐकू येतंय हं मला!"

नात दुसरीत असताना एक निरोप आला. लिहिणारा अनोळखी, वाद्यं दुरुस्त करणारा. 'नजर अधू झाली आहे. बिल्ड मध्येच थांबलं तेव्हा आधी चिडलो. मग मुलीने कारण वाचून दाखवलं आणि आवाज बसवून दिला. हा निरोप मी एकट्याने लिहितो आहे. कोडमधल्या त्या सासूबाईंना माझा नमस्कार सांगाल का?'

सून त्याच खुर्चीत बसली होती. आवाज चालूच होता. तो तिने कधी बंद केला नव्हता. तिने उत्तर लिहायला घेतलं, आणि सर्दी झालेली बाई एकेक अक्षर बोलत गेली: सां, ग, ते.

सासूबाई आदल्या वर्षी वारल्या होत्या, नात पहिलीत गेली त्याच महिन्यात.