जयंतरावांची पित्तनळी

सुमेधाताईंचा नवऱ्याच्या जिभेवर विश्वास नव्हता, भिंतीवरच्या पडद्यावर होता. जयंतरावांच्या पित्तनळीत डॉक्टरांनी बसवलेला मोहरीएवढा कॅमेरा आतलं चित्र तिथे सतत दाखवायचा. चोरून भजी खाल्ली, की पिवळं पित्त धो धो वाहायचं आणि चोरी उघडी पडायची.

गेले आठ दिवस मात्र ते पित्त गुणी बाळासारखं, फक्त जेवणाच्या वेळीच वाहत होतं. तो गुणीपणाच सुमेधाताईंना खुपत होता. त्यात हा माणूस घरातही काळा चष्मा लावून बसायचा. डोळे आलेत म्हणे!

एकादशीला दोघांचा कडक उपवास. जयंतराव सकाळपासून त्यांच्या नजरेसमोरच होते. पाण्याशिवाय पोटात काही गेलं नव्हतं. आणि भर दुपारी पडद्यावर जेवणाचं पित्त वाहू लागलं.

"अहो, हे आजचं नाही. जुनं चित्र लावून ठेवलंय तुम्ही. काय खाताय एवढं माझ्यापासून लपवून?"

"चित्र लावून ठेवताना एकादशीचं ध्यानातच राहिलं नाही गं," जयंतराव मान खाली घालून म्हणाले. "लेकीचं बाळंतपण होऊ दे, मग सांगणारच होतो."

सुमेधाताईंनी हात पुढे करून त्यांचा चष्मा काढला. नळीत अडलेलं पित्त हळदीसारखं डोळ्यांत उतरलं होतं.