एका क्रमांकावर एक

“यादी चारला सीमेवर गेली पाहिजे. एक मिनिट जरी उशीर झाला, तरी ते बस सोडणार नाहीत.”

“तिसऱ्यांदा सांगताय, साहेब,” ती फोनवर हात ठेवून म्हणाली.

शेजारच्या देशाच्या राजधानीला वेढा पडला होता. पाणी नाही, औषधं नाहीत, दवाखाने बंद. आपल्या सरकारने तीव्र चिंता व्यक्त केली, मग अतितीव्र चिंता व्यक्त केली आणि आठ दिवस घासाघीस करून पदरात पडली ती एक बस. चव्वेचाळीस जागा, त्याही फक्त आपल्या नागरिकांसाठी. त्रेचाळीस भरल्या होत्या.

परराष्ट्र खात्यातल्या या खोलीत पडताळणीचं काम तिच्याकडे होतं. ज्यांच्याकडे कागद नाहीत त्यांना ती गावाबद्दल विचारायची, उत्तरं फाईलशी ताडून बघायची आणि पटलं तरच क्रमांक यादीत घालायची. नावांवरून सीमेवर घोळ होतो म्हणून यादीत नुसते नोंदणी क्रमांक असत, प्रत्येक नागरिकाच्या ओळखपत्रावर असतात तेच. तिच्या तावडीतून खोटा माणूस कधी सुटला नव्हता. “मी समोर उभा राहिलो तर ही मलासुद्धा परत पाठवेल,” असं साहेब कौतुकाने सांगत.

आता फोनवर एक बाई होती. तिने आपला क्रमांक धडाधड सांगितला.

लिहिता लिहिता हिचं पेन थांबलं. “पुन्हा सांगा.”

बाईने पुन्हा सांगितला.

“कार्ड कुठे गेलं?”

“बारा वर्षांपूर्वी, मागच्या पळापळीत. पुलावरच्या रेटारेटीत पिशवी गेली, कार्ड त्यातच. जुनं, बिनफोटोचं. मला पुलावरूनच मागे फिरवलं. तेव्हापासून सात अर्ज केले. दरवेळी उत्तर एकच, या क्रमांकाची व्यक्ती मायदेशी पोचली आहे.”

साहेब स्पीकरवर ऐकत होते. त्यांनी हळूच मान हलवली. “बनेल दिसतेय. कटव.”

तिने कटवलं नाही. टेबलाखाली तिचा पाय सारखा हलत होता. गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी ती बोटाला गुंडाळत होती, सोडत होती.

“शाळेसमोर काय होतं?”

“घड्याळाचा मनोरा. पण घड्याळ कायम सव्वादोनला बंद. आम्ही म्हणायचो, आपल्या गावात शाळा सुटायची वेळच होत नाही.”

फाईलमध्ये फक्त ‘मनोरा’ लिहिलं होतं.

“तुझंच गाव ना हे?” साहेबांनी विचारलं. “बंद होतं का गं घड्याळ?”

“असेल,” ती म्हणाली. मग घाईने, “हो, बंदच.”

“ताई,” बाई म्हणाली, “माझं औषध कालच संपलंय. नाही म्हणायचं असेल तर लवकर म्हणा, बॅटरी थोडीच आहे.”

तिने पाण्याचा ग्लास उचलला, तो अर्धा टेबलावर सांडला. पुसायचं तिला सुचलं नाही.

“बसपाशी जाऊन उभ्या राहा,” ती फोनमध्ये म्हणाली. “क्रमांक यादीत येतोय.”

मग तिने भावाला फोन लावला. “जेवून घे. आज माझी वाट बघू नकोस.” तो काही विचारणार, तेवढ्यात तिने फोन ठेवला.

साहेबांनी क्रमांक टाकला. पडदा लाल झाला.

“बघ, मी म्हटलं नव्हतं? या क्रमांकावर बारा वर्षांपूर्वीच कुणीतरी परत आलंय. एका क्रमांकावर एकच माणूस. आधीची नोंद खोडल्याशिवाय यंत्र ही नवी नोंद घेणार नाही.”

“मग आधीची खोडा.”

“वा! माझ्या मनाने खोडू? ती नोंद खोटी होती हे त्या माणसाने इथे येऊन कबूल करावं लागतं. चारला चार मिनिटं उरलीत, आता कुठून शोधून आणणार आहेस त्याला?”

तिने गळ्यातलं ओळखपत्र काढलं आणि क्रमांक दिसेल असं साहेबांच्या पुढ्यात ठेवलं.