नक्की ना?

समर्थचं वागणं मथुराबाईंना अलीकडे मुळीच पटत नव्हतं. रविवार उजाडला की लेक कॉम्प्युटरपुढं ठाण मांडून बसायचा, ताटातली भाकरी वाळून जायची, आणि आईनं हाक मारली तर "थांब जरा" एवढंच उत्तर. आज तर तो बटणावर नुसतं बोट ठेवून कधीचा बसला होता.

"दाब की. भितोस कशाला?"

"कॉम्प्युटरवर लिनक्स ही नवीन सिस्टीम टाकतोय, आई. आधीचं सगळं पुसलं जाईल, परत मिळणार नाही. म्हणून ते विचारतंय, नक्की ना? तिसऱ्यांदा विचारतंय. चुकून कुणाचं काही जायला नको, म्हणून तशी सोयच केलेली असते."

मथुराबाईंनी खिडकीतून पलीकडं पाहिलं. हडपसरच्या त्यांच्या विहिरीच्या रानात आता काचेच्या भिंतींची कंपनी उभी होती.

"रानाच्या कागदावर माझा अंगठा घेतलास, तवा नव्या मीटरचा अर्ज हाय म्हनलास," त्या आवाज न चढवता म्हणाल्या. "या डबड्याच्या आईनं त्याला चांगलं वळण लावलंय रं. तुझ्या आईला नाय जमलं."