कोंबड्याला दिलेला शाप

चर्चमध्ये कुमसाराच्या, म्हणजे पापकबुलीच्या, जाळीला तोंड लावून सबिनाबाय म्हणाली, "फादर, मी शेजारच्या कोंबड्याला शाप दिला. माझा मोगरा उकरला त्यानं. म्हटलं, तुला कोल्हा नेवो! तर दुसऱ्याच दिवशी कोंबडा गायब."

"ते कोल्ह्याचं काम, तुमचं नव्हे," फादर म्हणाले. "मुक्या जिवाला दिलेला शाप वाऱ्यावर जातो. फक्त कोंबड्यालाच दिलात ना?"

सबिनाबाय घुटमळली. "कोंबड्याच्या मालकालाही. म्हटलं, इनास, तुझं वाटोळं होवो."

"मनापासून?"

"अगदी."

"मग पाप ते आहे. आता राग आला की त्याचं नाव घेऊन भलं मागायचं. तेही मनापासून."

रविवारी नातीच्या पहिल्या कम्युनियनचा, ख्रिस्तप्रसादाचा, सोहळा होता. मन साफ केल्याशिवाय तिच्या शेजारी कसं उभं राहायचं? सबिनाबायनं कबूल केलं.

शनिवारी सकाळी तोच कोंबडा मोगऱ्यात हजर! नव्या रोपांची माती उडवत होता. सबिनाबाय झाडू घेऊन धावली आणि कुंपणाकडे तोंड करून कडाडली, "इनास! देव तुझं भलं करो! शंभर वर्षं आयुष्य देवो तुला!"

इनास धावत आला. त्यानं कोंबडा काखोटीला मारला. "बाय, हवं तर शिव्या घाल, पण असा आशीर्वाद नको. आजच कुंपणाला जाळी लावतो."

सबिनाबायला हसू फुटलं. झाडू खाली ठेवून ती पुन्हा म्हणाली, या वेळी हळू आवाजात, "भलं होवो रे तुझं."

कोंबड्याचं नाव मात्र तिनं घेतलं नाही.