दहा जूनची नोंद

१२ मे २०१४. सकाळचे पाच वाजून चाळीस मिनिटे. लून – दोन.

ओन्नी कांगासने वहीत एवढेच लिहिले आणि दुर्बीण पुन्हा डोळ्यांना लावली. बर्फ फुटून चारच दिवस झाले होते. काळ्या, सपाट पाण्यावर काळ्या डोक्याचे ते दोन लून पक्षी अंगाला अंग लावून पोहत होते. नर देवदाराच्या तराफ्याभोवती दोनदा फिरला, पोटावर सरपटत वर चढला, ओले शेवाळ चोचीने इकडचे तिकडे केले आणि पुन्हा पाण्यात उतरला.

लूननी घरटे करावे म्हणून हा तराफा ओन्नीनेच बांधला होता. त्यावर शेवाळ पसरण्याचे काम पूर्वी लेम्पीचे, त्याच्या बायकोचे असे. तो तळ्यातल्या बेटामागे नांगरलेला होता. किनाऱ्यावरच्या कोणत्याही घरातून दिसत नसे. होडी वल्हवत बेटाच्या टोकावरील खडकापर्यंत जावे लागे.

चार वर्षांपूर्वी लेम्पीला पोचवून आल्यावर चर्चच्या तळघरात चाळीस माणसे कॉफीला बसली होती. तेव्हा मुलगा डेल म्हणाला होता, "बाबा, आता डुलुथला चला आमच्याकडे."

ओन्नीने कप खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे उत्तर दिले. "ज्या वर्षी या तळ्यावर लून अंडं घालणार नाहीत, त्या वर्षी येईन. त्याआधी विचारू नकोस."

माणसे हसली होती. ओन्नी हसला नव्हता. दर दहा जूनला तो नोंद बंद करी आणि डेल ती बघायला येई. तीन वर्षांतली अंडी दोन, एक, दोन. तिन्ही वेळा डेल एकटाच परत गेला होता.

डेलचा फोन रविवारी चार वाजता येत असे. ओन्नी साडेतीनलाच दाढी करून, धुतलेला सदरा घालून खुर्चीत बसे.

"काय म्हणतायत तुमचे पाहुणे?"

"जागा बघतायत."

"बाबा, यंदा एक सांगून ठेवतो. नाही आलात तर तुमच्यासाठी ठेवलेली खोली मार्सीच्या आईला देणार. बायकोला मी तरी किती वर्षं थांब म्हणू?"

"रास्त आहे."

"एवढंच? भांडणार नाही?"

"खिडकी पूर्वेला ना त्या खोलीची?"

"हो. मागच्या रविवारीही विचारलंत."

"मोजणीदाराची सवय." लोखंडाच्या खाणीत त्याने अडतीस वर्षे मोजणी केली होती.

मेच्या शेवटी काळ्या माशीने कहर केला. लून तराफ्यावर चढत, माश्यांनी हैराण होऊन पुन्हा पाण्यात बुडी मारत. आठ दिवस वहीत एकच नोंद होती. लून – दोन, पाण्यात. तराफा रिकामा.

शेजारची बर्निस हॉगन मोटार बंद करून आपली बोट त्याच्या धक्क्याला लावत म्हणाली, "काय मोजणीदार, हरलास वाटतं!"

"माशी सरली की चढतील."

"आणि सरपणाचं काय? बर्चच्या लाकडांचा ट्रक यंदा तुझ्या दाराकडे वळला नाही तो."

"वेळ आहे."

"कसला वेळ? नोव्हेंबरात काय वह्या जाळणार आहेस?"

शनिवारची सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, तापवणे ओन्नीने हिवाळ्यातच सोडून दिले होते. एका माणसासाठी तेवढी लाकडे जाळणे हिशेबात बसत नव्हते.

संध्याकाळी बेटामागून एका लूनची लांबलचक हाक येई. मग दूरवरून दुसऱ्याचे उत्तर. उत्तर ऐकू येईपर्यंत ओन्नी दारात उभा राही. मग आत जाऊन एक कप धुई आणि पालथा घाली.

दहा जूनला तो पाच वाजता खडकापाशी पोचला. तराफ्यावर मादी बसली होती, मान खाली, हलत नव्हती. ओन्नी थांबला. सहा चाळीसला नर आला. मादी उठून पाण्यात घसरली. नर वर चढेपर्यंत घरटे उघडे राहिले. ओल्या शेवाळात शेवाळी-तपकिरी रंगाची, काळे ठिपके असलेली दोन अंडी होती. ओन्नीने ती तीनदा मोजली. टोपी काढली, पुन्हा घातली.

परतताना तो बर्निसच्या धक्क्याशी थांबला.

"पंधरा जुलैपर्यंत बेटामागे बोट नेऊ नकोस. तुझ्या नातवंडांनाही सांग."

"म्हणजे जिंकलास की रे! डेल बिचारा उगाच शंभर मैल गाडी हाकतोय."

"जिंकलो असं म्हणालो का मी?"

"मग बोट कशाला अडवतोयस?"

"पंधरा जुलै. लिहून ठेव."

"चाळीस वर्षं झाली, सरळ बोलशील तर शपथ," ती म्हणाली आणि आत गेली.

डेलची गाडी दहाला चार मिनिटे कमी असताना वळणावर दिसली. ओन्नीने दाढी केली होती, जरी तो मंगळवार होता. टेबलावर दोन कप मांडले होते.

"चल, होडीतून दाखवतो," तो म्हणाला.

"नको. तुम्हांला ठाऊक आहे, मला पाण्यावर मळमळतं. वही दाखवा."

"मी काहीही लिहीन."

"तुम्ही?" डेल हसला. "खाणीनं कधी तुमचा आकडा दुसऱ्यांदा तपासला नाही, मी कोण तपासणारा? बोला, एकटाच जाऊ ना परत? मार्सीच्या आईला कळवायचंय."

ओन्नीने वही त्याच्याकडे सरकवली आणि खिडकीपाशी जाऊन, पाठ करून उभा राहिला.

"शाई ओली आहे अजून," डेल म्हणाला.

१० जून २०१४. सहा वाजून चाळीस मिनिटे. लून – दोन. अंडी – शून्य.