सोडलेली जागा

"दुसरी खुर्ची कुठाय?" बाईंनी दारातूनच विचारलं.

रेकॉर्डिंगची खोली म्हणजे बोलावणाऱ्या मुलीच्या घरातली झोपायचीच खोली. भिंतींवर जाड रजया टांगलेल्या, खिडकीला गादी उभी करून लावलेली, पंखा बंद. मधोमध एक माइक आणि एक खुर्ची. मुलगी तिशीची. नोकरी सांभाळून नाटकं बसवायची, पण बघायची नव्हेत, नुसती ऐकण्याची. लोक फोनवर, कानात बोंडं खुपसून ऐकतात ती. बाई एकाहत्तरच्या. एके काळी रेडिओवरच्या नाटकात अकरा वर्षं, दर गुरुवारी, मास्तरांची बायको व्हायच्या. मास्तर शाळेत शिकवायचे म्हणून मास्तर. बायको आपली माइकपुरती. घरी त्यांची बायको वेगळी आणि बाईंचे यजमान वेगळे. ती दोघंही आता राहिली नव्हती.

"मास्तर येणार म्हणाली होतीस."

"नाटकात मास्तर आहेत म्हणाले होते मी, ताई." मुलगी ओशाळली. "ते लेकीकडे असतात ना आता, दुसऱ्या गावी. गुडघ्यांमुळे प्रवास झेपत नाही. त्यांनी घरूनच बोलून पाठवलंय. ते मी तुमच्या कानात सोडते, तुम्ही उत्तरं द्यायची. मग दोन्ही जोडून टाकते."

बाईंचा हात केसांकडे गेला. सकाळी तासभर खपून त्यांनी केस काळे केले होते. "ऐकायच्या नाटकाला कोण बघणार आहे, आई?" असं सुनेनं हसत विचारलंही होतं.

"समोर माणूस नाही, आणि मी रुसायचं कुणावर?" त्या खुर्चीत टेकत म्हणाल्या. "रजईवर?"

"रजई नवी आहे. ऐकून घेईल."

बाईंना हसू आलं. त्यांनी हेडफोन चढवला, दुसरा मुलीनं.

प्रसंग साधाच होता. बऱ्याच दिवसांनी घरी परतलेला नवरा आणि घरात बसलेली बायको. मुलीनं बटण दाबलं. आधी कुणीतरी खाकरलं. मग एका बाईचा आवाज आला, "बाबा, बोला आता. चालू केलंय."

"ती कुठं उभी आहे?"

मास्तर. आवाज जरा झिजला होता, पण तोच.

"कोण?"

"समोरची."

"अहो बाबा, त्या तिकडे, तुम्ही इकडे. तुम्ही आपलं सलग वाचून टाका."

"सलग कसं वाचू? ती बोलणार ना मध्ये."

"सॉरी, ताई!" मुलगी गडबडली. "हे आधीचं कापायचं राहूनच गेलं. पुढे नेते."

"राहू दे," बाई म्हणाल्या.

कानात मास्तर नवरा होऊन घरी आले. "दार उघडंच ठेवलंयस?"

"कडी लावली की उघडायला उठावं लागतं," बाई म्हणाल्या. त्यांचं शेवटचं अक्षर खाली पडतंय, तोच मास्तरांचं पुढचं वाक्य आलं. ना आधी, ना नंतर. दुसऱ्या वाक्याला तसंच. बाईंचं तिसरं वाक्य लांबलचक होतं. लांब वाक्याच्या मध्यावर बाई हटकून एक आवंढा गिळतात, जुनी खोड. मास्तरांनी त्या आवंढ्याचाही वेळ धरला होता.

मुलगी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघतच राहिली. "ताई, मला जोडायला काही उरलंच नाही की! लोक भडाभडा वाचून पाठवतात, मग मी कापून कापून मधे जागा करत बसते. यांनी मोजून सोडल्यात. घड्याळ लावून बसले होते की काय?"

"घड्याळ कसलं," बाई म्हणाल्या. पुढचं सांगण्यासारखं नव्हतं.

नऊ वाक्यं संपली. "आता बसा जरा," बाई बायको होऊन म्हणाल्या, आणि कानात मास्तर म्हणाले, "बसतो."

मुलीनं बटणाकडे हात नेला. पण मास्तरांचं रेकॉर्डिंग चालूच होतं. कुठंतरी खुर्ची करकरली. लांबून लेकीनं विचारलं, "झालं का, बाबा?" मास्तरांनी उत्तर दिलं नाही. नुसता श्वास येत होता, जवळून, हळू.

"संपलं, ताई. संवाद एवढेच आहेत."

"कागदावरचे," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. "माझं चालू ठेव. आता मी बोलेन ते नाटकात घालू नकोस. कापूही नकोस. आहे तसं मास्तरांना पाठव."

मुलीनं मान डोलावली.

बाईंनी कागद मांडीवर पालथा घातला.

"मास्तर," त्या म्हणाल्या. आवाज बायकोचा नव्हता, त्यांचा स्वतःचा होता. "असं कानातून नाही हो जमत मला. पुढच्या भागाला तुम्ही इकडे येताय, की मी तिकडे येऊ?"

एवढं बोलून त्या हलल्या नाहीत. पडद्यावर आवाजाची रेघ सपाट होऊन पुढे पुढे धावत राहिली. खालच्या रस्त्यावरून एक ट्रक गेला, तो रजयांनी बाहेरच अडवला. मुलीचं बोट बटणावर टेकलं. "बंद करू?" तिनं नुसत्या ओठांनी विचारलं.

"थांब," बाई पुटपुटल्या. "उत्तर द्यायच्या आधी ते चष्मा काढून पुसतात."