काळा टिळा

सोमवारी पूजा आटपेपर्यंत शांतीबाईंचं मौन असे. नेमकी त्याच वेळी त्यांची लेक दुर्गा मोटरसायकल काढून नागझिऱ्याला निघाली. तिथे ती पर्यटकांची गाईड होती. शांतीबाईंनी घाईघाईनं खाली बोट दाखवलं.

"हो ना माय, विसरलीच!" म्हणत दुर्गा पाया पडली.

शांतीबाईंनी जोरात मान हलवली, गाडीशी वाकून बोट काळं केलं आणि लेकीच्या डोळ्यांपुढे धरलं. दुर्गानं कपाळ पुढे करून टिळा लावून घेतला आणि गाडी सुरू केली.

वाटेत ती हवा भरायला थांबली, तेव्हा देवेंद्र मिस्त्री बघतच राहिला. "ताई, कपाळाले इंजिनचं ऑईल काऊन लावलं?" त्यानं वाकून पाहिलं. ऑईल कूलरचे दोन्ही पाईप चिरून तेल ठिबकत होतं. "जंगलात इंजिन जाम झालं असतं, त वाघालेच धक्का माराले लावलं असतं का?"

त्यानं दोन्ही पाईप नवे बसवले, ऑईल भरलं.

संध्याकाळी दुर्गा म्हणाली, "माय, तुझ्या टिळ्यानं वाचवलं!"

"कायचा टिळा वं पोरी? गाडीखालचं तेल दाखवून राहिली होती मी. तू त पायाच पडली!"

पुढच्या सोमवारी शांतीबाईंनी पुन्हा खाली बोट दाखवलं. दुर्गानं तडक गाडीखाली वाकून पाईप चाचपले. सगळं कोरडं होतं.

"काईच त नाही गळून राहिलं, माय!"

शांतीबाईंनी हसू दाबत आपले पाय जरा पुढे सरकवले.